लहान गाळ्यांच्या घरफाळ्याला वेगळा दर हवा

महोदय,

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत सासऱ्यांनी घातलेली पिठाची गिरण आणि तिला लागूनच चटणीचा डंक, म्हणजे मिरची कुटायचं यंत्र, मी एकवीस वर्षं चालवते. जागा १० बाय १४, म्हणजे १४० चौरस फूट. मागे आणि माडीवर आम्ही राहतो. राहती जागा गिरणीच्या कितीतरी पट, तरी घरफाळ्याच्या (मालमत्ता कराच्या) बिलात गिरणीचा आकडा मोठा, कारण तिला बिगरनिवासी दर. चालवणारं कोण, दिवसाला दळप किती येतं, हे त्यात बघितलंच जात नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४३ ची. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर जात्याच्या दोन पाळ्यांत पीठ आणि गाळ मिळून सिमेंटसारखं बसलं होतं. मोटर जळलेली. फळीवर गिऱ्हाइकांचे बावीस डबे होते, झाकणावर रंगानं नावं घातलेले. आतल्या गव्हाला मोड आले होते. लोकांनी मागितले नाहीत, पण त्या गव्हाचे पैसे मी दिले. विश्वासानं ठेवलेलं धान्य होतं ते. पुढच्या वर्षी टाळेबंदी. गिरण चालू राहिली, पण ऐन उन्हाळ्यात, मिरचीच्या हंगामात डंक बंद. समोरचे शिंपी आणि न्हावी तर पूर्ण घरी बसले. आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर.

या तीन वर्षांत घरफाळा थकला. थकबाकीवर महिन्याला २ टक्के दंड लागतो, वर्षाला २४ टक्के. चार वर्षांत दंडच मुद्दलाच्या बरोबरीला येतो. अभय योजना निघतात, त्यात दंड कमी होतो हे खरं, पण थकबाकी एकरकमी भरावी लागते. तेवढी रक्कम एकदम हातात असती तर थकवलंच कशाला असतं?

व्यापाऱ्यांना सवलत मिळालीच नाही असं नाही. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांचा एलबीटी (स्थानिक संस्था कर) माफ झाला. पण तो कर शहरात येणाऱ्या मालावर होता. मी माल आणत नाही, लोकांचं धान्य दळून देते. शिंपी, न्हावी, सायकल दुरुस्तीवाला, आमच्यापैकी कुणाच्या पदरात त्यातलं काय पडलं? आमच्यापर्यंत पोचणारी सवलत घरफाळ्यातच देता येते.

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ मध्ये माफ झाला. मी माफी मागत नाही. रस्त्यावरचा दिवा आणि कचऱ्याची गाडी आम्हालाही लागते. पण मालक स्वतः चालवतो अशा २०० चौरस फुटांच्या आतल्या गाळ्याला निवासी दर लावावा, जुनी थकबाकी बारा हप्त्यांत घ्यावी, आणि हप्ते चालू असेपर्यंत त्यावर नवा दंड चढवू नये. ज्या गाळ्यात पुराचं पाणी शिरलं, त्याचा त्या वर्षांचा दंड तरी पूर्ण काढून टाकावा. पंचनाम्यांचे कागद सरकारी दप्तरात आहेतच. त्यावरून अशा गाळ्यांची यादी काढायला नवी पाहणीही लागणार नाही.

— एक गिरणीचालक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर