झडपेत 'ब्लॉकेज' नसते

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्यविषयक पानावर गेल्या आठवड्यात 'हृदयाच्या झडपेत ब्लॉकेज' अशा मथळ्याची एक बातमी प्रसिद्ध झाली. रुग्णाच्या महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप अरुंद झाली होती व ती बदलण्यात आली, एवढे मजकुरावरून समजत होते. मात्र एकाच आजारासाठी मथळ्यात 'ब्लॉकेज', पहिल्या परिच्छेदात 'झडप आकुंचन पावली' आणि अखेरीस 'रक्तवाहिनी मोकळी केली' असे तीन निरनिराळे शब्दप्रयोग आले होते, आणि त्यांपैकी एकही बरोबर नव्हता. मी बरीच वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले असल्यामुळे शब्दांच्या बाबतीत जरा जास्तच काटेकोर आहे, हे मान्य करतो. परंतु हे पत्र केवळ भाषेच्या हट्टापायी लिहिलेले नाही. चुकीच्या शब्दाचा हात धरून चुकीचा समज घरात शिरतो आणि मग तो बाहेर काढता काढता महिनेच्या महिने जातात, हे मी माझ्या थोरल्या भावाच्या आजारपणात पाहिले आहे.

भावाला जिना चढताना छातीवर दडपण येऊ लागले. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाली, अहवालात महाधमनीच्या झडपेचा स्टेनोसिस, म्हणजे झडप अरुंद झाली असल्याचे स्वच्छ लिहिले होते. पण घरापर्यंत जो शब्द पोहोचला तो 'ब्लॉकेज' हाच. ब्लॉकेज म्हणजे कोलेस्टेरॉल, असे समीकरण सर्वांच्या मनात पक्के असल्याने त्याने कडक पथ्य पाळले, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या एक दिवसही चुकवल्या नाहीत आणि रक्ततपासणीतला आकडा खाली आला की 'ब्लॉकेज विरघळत आहे' असे तो समाधानाने सांगत असे. मी दूर राहत होतो; तो अहवाल माझ्या हाती पडेपर्यंत पावणेदोन वर्षे उलटली होती आणि दरम्यान त्याला चालता चालता दोनदा भोवळ आली होती.

हृदयाच्या धमनीत जो थर साचतो तो तिच्या भिंतीत असतो; त्यात चरबीचा वाटा मोठा असतो आणि औषधांनी तो थर काही अंशी स्थिर करता येतो. झडपेची गोष्ट निराळी आहे. महाधमनीच्या झडपेला तीन पातळ पाकळ्या असतात. वय वाढते तसे त्यांच्यात कॅल्शियम साचत जाते, त्या जाड व ताठ होतात आणि शस्त्रक्रियेत बाहेर काढलेली अशी झडप बोटांना अक्षरशः हाडासारखी लागते. शंभरातील एक-दोन माणसांना जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्यांची झडप असते व त्यांच्यात हीच प्रक्रिया बरीच वर्षे आधी घडते. सुरुवातीचे बदल धमनीतल्या बदलांसारखे दिसतात, त्यामुळे कोलेस्टेरॉलच्या औषधांनी झडपेचे ताठरणे लांबेल अशी आशा संशोधकांनाही होतीच. अठराशेहून अधिक रुग्णांवर केलेल्या 'सीज' या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ साली आले आणि ती आशा फोल ठरली. झडप अरुंद होणे थांबवील असे सिद्ध झालेले औषध आजही नाही. योग्य वेळी झडप बदलणे हाच उपाय आहे. ज्याला आपल्याला 'ब्लॉकेज' आहे असे सांगितले गेले, तो गोळ्या घेत वाट पाहतो. झडप अरुंद होत आहे असे ज्याला कळले, तो पुढची इको कधी करायची ते विचारतो.

याहून तातडीचा धोका आणखी एक आहे. छातीत दुखले की जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवावी, हे आता पुष्कळांना ठाऊक असते व धमनीच्या आजारात ती उपयोगीही पडते. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवते. झडपेचे दार अगदीच लहान झालेले असेल, तर या उतरलेल्या दाबाची भरपाई करण्यासाठी हृदय जास्त रक्त बाहेर टाकू शकत नाही आणि रुग्ण एकाएकी कोसळू शकतो. 'ब्लॉकेजवाल्या' शेजाऱ्याची गोळी 'ब्लॉकेजवाल्या' माणसाला देण्याचा प्रसंग ज्यांच्या घरी येऊ शकतो, त्यांच्यासाठी हा शब्दांचा काथ्याकूट नव्हे.

आता 'आकुंचन' या शब्दाविषयी. मराठीत आकुंचन म्हणजे स्नायूने आखडणे. हृदयाचे आकुंचन-प्रसरण आपण शाळेत शिकतो. आकुंचनानंतर प्रसरण होते, ही एक हालचाल आहे. झडप आकुंचन पावत नाही, कारण तिच्या पाकळ्यांना स्नायूच नसतो; त्या रक्ताच्या दाबाने उघडतात आणि दाबानेच मिटतात. येथे झालेली गोष्ट एवढीच की, दार पूर्ण उघडेनासे झाले आहे. 'अरुंद होणे' हा साधा, सर्वांना कळणारा शब्द आपल्याकडे असताना अवघड आणि वर चुकीचा शब्द का वापरावा? (जुन्या मराठीतला 'निरुंद' मला अधिक आवडतो, पण तो हट्ट मी धरणार नाही.) उलट, हाच शब्द एका ठिकाणी बराच जवळ जातो. काही तान्ह्या बाळांमध्ये, बहुधा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास, जठरातून आतड्याकडे जाणाऱ्या तोंडाभोवतीचा स्नायू जाड होऊन वाट अरुंद होते. दूध पाजल्यावर थोड्या वेळाने ते कारंज्यासारखे लांब उडते, त्यात हिरवे-पिवळे पित्त नसते, आणि उलटी झाल्यावर बाळ पुन्हा भुकेने रडू लागते. मुलींपेक्षा मुलांमध्ये हे जास्त आढळते. जर्मन शल्यचिकित्सक रामस्टेट यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेली, आतले अस्तर शाबूत ठेवून फक्त स्नायू उभा चिरण्याची शस्त्रक्रिया आजही मूळ तत्त्वाला धरूनच केली जाते.

झडपेकडे परत येतो. निरोगी माणसात महाधमनीच्या झडपेचे उघडे दार तीन ते चार चौरस सेंटीमीटर असते. ते एक चौरस सेंटीमीटरपर्यंत आले की झडप तीव्र स्वरूपात अरुंद झाली असे मानतात, आणि तोवर झडपेच्या अलीकडच्या व पलीकडच्या दाबातला सरासरी फरक बहुधा चाळीस मिलिमीटर पाऱ्यापर्यंत पोहोचलेला असतो. एवढा मोठा बदल होत असताना माणसाला काहीच का जाणवत नाही? कारण महाधमनीत रक्त ढकलणारा हृदयाचा डावा कप्पा जास्त जोर लावतो आणि हा जोर लावता यावा म्हणून आपली भिंत जाड करत जातो. वर्षानुवर्षे तो शरीराला लागणारे रक्त पुरवत राहतो, पण त्याची किंमत वसूल होतेच: जाड झालेल्या स्नायूला स्वतःलाच जास्त रक्त लागते, म्हणून धमन्या मोकळ्या असूनही छातीत दुखते, श्रमात पायांकडे रक्त वळले की मेंदूला ते कमी पडते, म्हणून भोवळ येते, आणि भिंत ताठ झाली की मागे फुप्फुसांत दाब साचतो, म्हणून धाप लागते. ही तीन लक्षणे दिसू लागली की घड्याळ वेगाने चालू लागते. जॉन रॉस व यूजीन ब्राउनवाल्ड यांनी १९६८ साली मांडलेल्या हिशेबानुसार झडप न बदलल्यास छातीत दुखू लागल्यापासून सरासरी पाच, भोवळ येऊ लागल्यापासून तीन आणि हृदय थकल्याची धाप लागू लागल्यापासून दोनच वर्षे हाती उरतात. इतका जुना हिशेब आजही शिकवला जातो, यावरूनच त्याचे वजन कळावे.

लक्षणे नाहीत असे सांगणाऱ्या रुग्णावर मात्र माझा पटकन विश्वास बसत नाही, आणि याचा अर्थ तो खोटे बोलतो असा नाही. माणूस नकळत आपले जगणे आजाराच्या मापाने बेतून घेतो. आधी दोन मजले चढणारा एका मजल्यावर थांबून बोलत उभा राहतो. पुढे तो वरच्या मजल्यावरची कामे दुसऱ्याकडे सोपवतो. मग 'आता वय झाले' असे म्हणतो, आणि घरातले सगळे त्याला दुजोरा देतात. 'तुम्हाला धाप लागते का?' या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो, कारण धाप लागेल असे काही तो आता करतच नाही. त्याऐवजी 'गेल्या वर्षी या दिवसांत जे करत होता, ते आज करता का?' असे विचारले, की उत्तर बदलते. आरोग्यविषयक लेखांत लक्षणांची यादी छापताना हा एक प्रश्न तिच्यावर छापला, तर ती यादी छापल्याचे सार्थक होईल. छातीला लावलेल्या साध्या स्टेथोस्कोपमधूनही ही झडप आपली खरखर ऐकवते. मात्र आवाज जितका मोठा तितका आजार मोठा असे नसते, कारण थकलेल्या हृदयाला मोठा आवाज काढण्याइतका जोरच उरलेला नसतो.

दुसरी मोठी झडप, डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली द्विदल झडप, बहुतेक वेळा वेगळ्याच वाटेने अरुंद होते. बालपणी स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे घसा सुजतो, त्यातून काहींना संधिवाताचा ज्वर येतो, सांधे बरे होतात आणि सगळे विसरून जातात; पण झडपेच्या पाकळ्या कडांशी एकमेकींना चिकटत राहतात व दहा-वीस वर्षांनी त्याचा परिणाम दिसतो. स्त्रियांच्या बाबतीत तो पुष्कळदा पहिल्या गरोदरपणात उघडा पडतो. त्या काळात शरीरातील रक्त चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते आणि नाडीही जलद होते, त्यामुळे अरुंद दारातून जास्त रक्त कमी वेळात जावे लागते. अशा बाईच्या धापेला 'अशक्तपणा' म्हणून टॉनिक देणे हा माझ्या मते 'ब्लॉकेज'चाच सख्खा भाऊ आहे. वास्तविक या झडपेवर उपाय शोधण्याचा इतिहास धाडसाने भरलेला आहे: १९२५ साली लंडनमध्ये हेन्री साउटर यांनी धडधडत्या हृदयात बोट घालून झडप मोकळी केली, आणि १९८०च्या दशकात जपानचे कांजी इनोउए यांनी तेच काम छाती न उघडता, शिरेतून नेलेल्या फुग्याने साधले. महाधमनीची नवी झडपसुद्धा मांडीतल्या रक्तवाहिनीतून आत नेऊन बसवता येते, हे अलँ क्रिबिए यांनी फ्रान्समधील रुआँ येथे २००२ साली प्रथम करून दाखवले. तुमच्या बातमीतील रुग्णावर झालेला उपचार याच जातीचा होता, असे वर्णनावरून दिसते.

टक्केवारीविषयीही लिहिणे भाग आहे, कारण 'सत्तर टक्के ब्लॉकेज' वाचले की वाचक तीस टक्के रक्त जात असल्याचा अर्थ काढतो. नळीचा व्यास निम्मा झाला, तर तिचे क्षेत्रफळ निम्मे राहत नाही, एक चतुर्थांश होते. म्हणजे तीच अवस्था एका मापाने पन्नास आणि दुसऱ्या मापाने पंचाहत्तर टक्के ठरते. द्रवाच्या प्रवाहाविषयीच्या प्वाझ्यच्या नियमाने लांब, सरळ नळीतला प्रवाह तर त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो आणि त्रिज्या निम्मी झाल्यास तो सोळावा हिस्सा उरतो. प्रत्यक्ष शरीरात अरुंद जागा बहुधा आखूड असते, पुढच्या बारीक वाहिन्या सैल होऊन भरपाई करतात, शेजारून आडवाटा तयार होतात. त्यामुळे विश्रांतीत कित्येकदा काहीच कमी पडत नाही. नुसता आकडा म्हणूनच भीती वाढवतो आणि निर्णयाला फारशी मदत करत नाही. हृदयाच्या धमन्या अरुंद झालेल्या पाच हजारांहून अधिक स्थिर रुग्णांचा समावेश असलेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्किमिया' अभ्यासात आधी औषधे दिलेल्यांच्या तुलनेत सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपासकडे नेलेल्यांमधील मृत्यू कमी झाले नाहीत. छातीचे दुखणे मात्र अधिक कमी झाले. ऐन हृदयविकाराच्या झटक्यात धमनी ताबडतोब उघडणे ही वेगळी बाब असून तिथे क्षणही दवडू नये. अरुंद दिसले की उघडलेच पाहिजे, हा नियम धमनीला लागू नाही आणि तीव्र अरुंद झालेल्या, लक्षणे देणाऱ्या झडपेला तो जवळजवळ पूर्णपणे लागू आहे. दोघींना एकच नाव दिल्यावर हा भेद वाचकाने कसा ओळखावा?

अरुंद होण्याची जागा आणि तिच्या मागे काय आहे, यावर सारे अवलंबून असते. मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली की मूत्रपिंडाला वाटते शरीराचाच दाब उतरला आहे, आणि ते रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडून सगळीकडचा रक्तदाब चढवते. हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून रक्तदाबाचा हा मार्ग दाखवला. कण्यातील मज्जातंतूंची वाट अरुंद झालेला माणूस काही पावले चालल्यावर पाय जड होऊन थांबतो, पण नुसते उभे राहून त्याला बरे वाटत नाही, त्याला बसावे किंवा पुढे वाकावे लागते. वाकल्याने ती वाट किंचित रुंदावते, म्हणून अशी माणसे सायकल मजेत चालवतात. पायाची धमनी अरुंद झालेला मात्र नुसता उभा राहिला तरी मोकळा होतो. हा फरक तपासणीच्या खोलीत जाण्याआधीच रुग्ण स्वतः ओळखू शकतो, आणि तो ओळखण्यासाठी वर्तमानपत्रातील चार ओळी पुरतात.

एक शेवटची दुरुस्ती सुचवतो. त्या बातमीशेजारी छापलेले चित्र चरबीने अर्धी भरलेल्या धमनीचे होते. पुढच्या वेळी झडपेविषयी लिहाल, तेव्हा तीन पाकळ्यांच्या झडपेची दोन रेखाचित्रे शेजारी शेजारी छापावीत: एक पूर्ण उघडलेली आणि एक नुसती फट उरलेली. भावाची झडप बदलल्यानंतर मी त्याला तशीच चित्रे कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर काढून दाखवली होती. बराच वेळ बघून तो म्हणाला, "मग मी इतके दिवस गोळ्या कशासाठी घेत होतो?"

आपला,
शरीरक्रियाशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक