गुबगुबीत अक्षरे नावालाच शोभतात

महोदय,

सांगलीतील दुकानांच्या पाट्या, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि अलीकडे सार्वजनिक सूचनाफलक यांवर गुबगुबीत, गोलाकार देवनागरी अक्षरे सर्रास दिसू लागली आहेत. शाळेत अनेक वर्षे चित्रकला आणि अक्षरलेखन शिकवल्यामुळे मला या अक्षरांविषयी मनापासून आपुलकी वाटते, आणि म्हणूनच त्यांच्या वापराविषयी थोडे लिहावेसे वाटते.

या घराण्यातला सर्वांत लठ्ठ फॉन्ट म्हणजे मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेला 'मोदक'. सारण ठासून भरावे तशी त्याची अक्षरे फुगलेली आहेत; रेघ इतकी जाड की अक्षराच्या पोटातली मोकळी जागा केसाएवढ्या फटीपुरती उरते. शिरोरेषा, वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरे ही सगळी त्याच जाडीत बसवून अक्षर ओळखू येईल असे ठेवणे हे फार कौशल्याचे काम आहे. त्याच गटाचा 'बलू' थोडा सडपातळ असून त्याचा कन्नड भाऊबंदही उपलब्ध आहे. जत तालुक्यात, जिथे मराठी आणि कन्नड शेजारी शेजारी नांदतात, तिथल्या बालवाड्यांच्या द्विभाषिक पाट्यांना ही जोडी किती शोभेल! दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याचे असल्याने कोणालाही ते विनाशुल्क वापरता येतात.

गेल्या पावसाळ्यात मात्र आमच्या भागात पुराच्या सूचनेचा एक फलक लागला होता, त्यावरील चौदा ओळी अशाच अक्षरांत छापलेल्या होत्या. आयर्विन पुलाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, आणि २०१९ साली पाणी ५७ फुटांपलीकडे गेल्याचे सांगलीकर विसरलेले नाहीत. अशा गावात कोणत्या गल्लीने केव्हा आणि कुठे जायचे, हे सांगणारा मजकूर दहा पावलांवरून मला वाचता आला नाही. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ बुजून त्याचा 'व' झाला होता, 'घ' आणि 'ध' एकसारखे दिसत होते, आणि त्यात भर म्हणून मजकूर जागेत बसावा यासाठी अक्षरे आडवी दाबून त्यांना पांढरी किनार दिलेली होती. शेजारच्या आजींना तो फलक मी जवळ जाऊन वाचून दाखवला.

यात फॉन्टचा काहीच दोष नाही. दोन-तीन शब्द वीतभर उंचीत लिहायचे असतील, म्हणजे गणेश मंडळाचे नाव, आइस्क्रीमच्या दुकानाची पाटी किंवा बालनाट्याचे शीर्षक, तर त्याच्यासारखे हसरे अक्षर दुसरे नाही. आकार लहान झाला आणि ओळी वाढल्या की त्या फटी शाईने भरून जातात. वर्गात मी मुलांना डोळे किलकिले करून आपलेच अक्षर पाहायला सांगत असे. रेघांमधली जागा दिसेनाशी झाली की ते पुन्हा काढायचे. छापण्यापूर्वी डीटीपी करणाऱ्या मंडळींनी नमुन्याचा कागद भिंतीला लावून एवढे केले तरी पुष्कळ होईल.

मजकुरासाठी त्याच गटाचा 'मुक्ता' हा फॉन्ट सात वजनांत, म्हणजे रेघेच्या सात वेगवेगळ्या जाडींत, आणि तितकाच मोफत मिळतो. येत्या पावसाळ्याचे फलक छापताना मथळ्यासह सर्व सूचना त्यात, न दाबता आणि किनार न लावता छापाव्यात, अशी संबंधितांना कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त कलाशिक्षक, सांगली