पोलिश छावणीला पानभर, सिंध्यांना एक ओळ

मा. संपादक,
स.न.

कालच्या रविवार पुरवणीतला वळिवड्याच्या पोलिश छावणीवरचा लेख वाचला. फोटो झकास. १९४३ ते ४८, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका-पोरं, सैबेरियातून इराणमार्गे इथवर आलेली, कोल्हापूरनं त्यांना आसरा दिला, याचा अभिमान आम्हालाही आहेच. २०२४ ला पंतप्रधानांनी वॉर्सॉत कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकाला फुलं वाहिली तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर तेच चाललेलं. पण शेवटी एकच ओळ, की नंतर तिथं सिंधी निर्वासित आले. आले, आणि? पुढचं लिहायला जागा संपली का जाहिरात आली?

अहो, त्या छावणीचंच गांधीनगर झालं! कोल्हापूर, सांगली, कोकण, बेळगाव, कुठल्याही कापडवाल्याला विचारा माल कुठून भरतो. लग्नाचा बस्ता म्हटला की अख्खी भावकी टेम्पो करून तिकडंच.

आमच्या अण्णांचंच सांगतो. ७२ च्या दुष्काळानंतर शेतीत काही राहिलं नव्हतं, धंद्याला पैसे मागायला बँकेत गेले तर जामीनदार आणा, सातबारा आणा, आणि सातबारा थोरल्या चुलत्यांच्या नावावर. गांधीनगरातल्या एका शेठजींनी फक्त गाव कुठलं आणि बाजार कुठले करणार एवढं विचारलं, वहीत नाव लिहिलं आणि टॉवेल, लुगडी, मांजरपाटाचा गठ्ठा हातात दिला, बाजार झाला की पैसे आण म्हणाले. अण्णा सायकलच्या कॅरियरला गठ्ठा बांधून वडगाव, हुपरीचे बाजार करायचे. न खपलेला माल शेठजी परत घ्यायचे, पण घडी विस्कटलेली दिसली की तिथंच गादीवर बसवून पुन्हा घालायला लावायचे, कड कडेला जुळेपर्यंत. पैसे थकले तर चारचौघांत सुनवायचे, हेही खरं. भावात व्याज लावत असणारच, व्यापारी माणूस, धर्मशाळा नव्हती ती. पण त्या उधारीवर आमचं दुकान उभं राहिलं, दोन आत्यांची लग्नं झाली. बँकेचा फॉर्म अजून ट्रंकेत आहे, पाहिजे असेल तर पुढच्या पुरवणीला पाठवतो.

आणि "बाहेरून येऊन धंदा बळकावला" म्हणणाऱ्यांनी एकदा उचगाव, वळिवडे, चिंचवाडला जाऊन बघावं, किती घरं त्या पेठेवर चालतात. कोण हमाल, कोण सेल्समन, कोण टेम्पोवाला, बायका साड्या घरी आणून पिको-फॉल करतात. उल्हासनगरचंही तेच. कल्याणची लष्करी छावणी, १९४९ ला गव्हर्नर जनरल राजाजींच्या हस्ते पायाभरणी, आज तिथली जीन्स आणि फर्निचर कुठं कुठं जातं. आपण मात्र "मेड इन यूएसए", म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, म्हणून टिंगल करायची आणि तीच पँट घालून फिरायचं.

जाता जाता, एवढा टॅक्स देणाऱ्या पेठेत तावडे हॉटेलकडून शिरायचं म्हणजे सणासुदीला तासभर ट्रॅफिकमध्ये मुरायचं, त्यावर आपल्या पेपरात चार ओळी तरी येऊ द्या. फोटोग्राफर पाठवणार असाल तर दिवाळीच्या आधी पाठवा, पण टू-व्हीलरवर. चारचाकी आणली तर तो दुसऱ्या दिवशीच्या अंकाला काय पोचत नाही.

— एक जुना वर्गणीदार, हातकणंगले