कोणत्या तोंडानं परत यायचं?

नगर
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझा निरोप येऊन तीन आठवडे झाले. फोनवर चार ओळी टाकता आल्या असत्या, पण "बारा वर्षं देवळाची पायरी चढलो नाही, आता कोणत्या तोंडानं परत यायचं?" हे आपल्या चर्चबद्दलचं वाचल्यावर तसं उत्तर द्यायला मन धजेना. म्हणून कागद घेऊन बसलोय. शेजारी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडं आहे, यिर्मया संदेष्ट्याचा एकोणतिसावा अध्याय.

तो अध्याय म्हणजे पत्रच आहे. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानं यरुशलेमेतून राजा, सरदार, सुतार, लोहार असे सगळे धरून बाबेलला नेले. मागं राहिलेल्या यिर्मयानं त्यांना हे पत्र धाडलं. संडे स्कूलमध्ये आपण त्यातली परतीची "सत्तर वर्षं" तेवढी पाठ केली. पण आधी काय लिहिलंय ते बघ. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्यासाठी प्रार्थना करा. आणि मग देव म्हणतो, जिवाभावानं मला शोधाल तर मी सापडेन. हे परमुलखात बसलेल्यांना सांगितलंय रे! यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात तर देव म्हणतो, ते जिथं गेले तिथं थोडा काळ मीच त्यांचं पवित्रस्थान झालो. तुझ्या दुबईच्या खोलीतही तो आहेच. आधी नगरला ये, मग देव भेटेल, असं मी तुला कधीच म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट शेताची. पुढं यरुशलेमेला बाबेलचा पुन्हा वेढा पडलेला, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशा वेळी चुलतभाऊ हानामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत घे. भोवती शत्रूचं सैन्य आणि यिर्मया 17 शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखत मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, हे परमेश्वराचं वचन होतं. मला सगळ्या भविष्यवाण्यांत ही सर्वांत खरी वाटते, कारण ती सांगणाऱ्यानं पदरचे पैसे घातले.

इ.स.पू. 539 मध्ये पारसाचा राजा कोरेश यानं बाबेल घेतलं आणि पुढं परतीची मोकळीक दिली. बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकात मोजदाद दिलीय: 42,360 माणसं, दासदासी वेगळे, आणि 6,720 गाढवंसुद्धा. पण पुष्कळ जण बाबेललाच राहिले. त्याआधी अश्शूरच्या राज्यानं नेलेल्या इस्राएलच्या उत्तरेकडल्या दहा वंशांची तर अशी परतीची यादीच नाही. आपल्या कोकणातले यहुदी, बेने इस्राएल, आठव. अलिबागजवळच्या नौगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचलेल्यांचे आपण वंशज, असं ते सांगत आले. तेलाचा घाणा चालवायचे, पण शनिवारी तो बंद, म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. शतकानुशतकं मराठी बोलत त्यांनी तो एक दिवस जपला. 1948 नंतर त्यांतले हजारो इस्राएलला गेले, ते मराठी घेऊनच. कोणाचं परतणं कसं व्हावं, याचा एकच साचा नसतो.

इब्री भाषेत परत फिरणं आणि पश्चात्ताप करणं, दोन्हींना 'शूव' हेच क्रियापद चालतं. तू "परत" हा शब्द लिहिलास तेव्हाच तुझी पावलं वळली असं मी धरतो.

आता तुझा प्रश्न. यिर्मयाच्याच एकतिसाव्या अध्यायात परतणाऱ्यांचा जथा दिसतो. त्यात आंधळे आहेत, लंगडे आहेत, गरोदर बाया आहेत, कळा लागलेली बाईसुद्धा आहे. धडधाकट माणसांचा शब्दही नाही. आणि ते रडत येतात, असं स्पष्ट लिहिलंय. देव त्यांना सपाट वाटेनं नेतो, ठेच लागू नये म्हणून. त्याच तोंडानं ये.

एक माझंही सांगायचंय. त्या बैठकीत तुला जे बोललं गेलं ते अन्यायाचं होतं. मला ते तेव्हाच कळत होतं आणि मी मान खाली घालून गप्प बसलो. तू दार ओढून गेलास, तो आवाज अजून कानात आहे. बारा वर्षांत हे लिहायला जमलं नाही. मला क्षमा कर.

नाताळाला सुट्टी मिळाली तर कळव, मी स्टँडवर येईन. देवळात जायचं की नाही ते तू ठरव. नाही गेलास तर सकाळी आपण दोघं माझ्या ओट्यावर बसून बंदिवासातून परतणाऱ्यांचं स्तोत्र 126 म्हणू, तुझा वरचा सूर, माझा खालचा, पूर्वीसारखं.

तुझाच,
जुना सोबती