रकाना खोडणाऱ्या साहेबांना

साहेब, सप्रेम नमस्कार.

आमच्या फाउंड्रीत, या ओतकामाच्या कारखान्यात, तुम्ही जे केलंत त्याचे आभार मानायला उशीरच झाला. आधी राग उतरायचा होता. तुमच्यावरचा नव्हे, तुमच्या आधी येऊन भिंतीवर ‘कायझेन’ची, म्हणजे सततच्या छोट्या सुधारणांची, पोस्टरं चिकटवून, फोटो काढून गेलेल्यांवरचा. त्यांच्या मीटिंगा एसी केबिनमध्ये व्हायच्या. तिथं मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा, तोंड उघडत नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

तुम्ही नॉकआऊटशेजारी, साचा फोडून कास्टिंग (ओतीव भाग) बाहेर काढतात तिथं, फळा टांगलात. पाळी बदलताना दहा मिनिटं, दोन्ही पाळ्यांनी उभ्या उभ्या बोलायचं: काय ठरलं होतं, काय झालं, उद्या काय बदलायचं. मराठी, कन्नड, ज्याला जी येईल ती. मधोमध खराब कास्टिंग कापून ठेवलेलं. आणि बदल एका वेळी एकच. वाळूचा ओलावा आणि ओतायचं तापमान दोन्ही एकदम हलवलं, तर गुण कशानं आला ते कळणार कसं?

पावसाळ्यातल्या ब्लोहोलचंच, कास्टिंगमध्ये पडणाऱ्या भोकांचंच घ्या. दरवर्षी बोलणी वाळूवाल्याला. तुम्ही टोयोटाच्या ताइची ओनोंच्या रीतीनं ‘का?’ विचारत सुटलात. भोक का? वायू अडकला. वायू कुठून? कोअर, म्हणजे कास्टिंगमधली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, दमट. दमट का? सोडियम सिलिकेटचा कोअर हवेतला ओलावा ओढतो, आणि रॅक रात्रभर शटरजवळ. तिथंच का? आत घेतला तर ट्रॉलीची वाट अडते. वाळूवाला बिचारा यात कुठंच नव्हता! रॅक हलला, आणि आधी केलेला कोअर आधी वापरायचा ठरला.

पण आम्हाला जिंकलं ते तुमच्या पेनानं. रिजेक्शन रजिस्टरचा शेवटचा रकाना होता ‘जबाबदार कामगार’. तुम्ही पट्टी धरून तो खोडलात, वर लिहिलंत ‘कारण’, आणि रजिस्टर परत जागेवर ठेवलंत. भाषण नाही, काही नाही. त्या रकान्यात नेहमी कंत्राटी पोराचं नाव जायचं. म्हणून खराब माल भंगाराच्या ढिगात गाडला जायचा, कागदावर टक्केवारी गोजिरी दिसायची, आणि त्यातून सुटलेला खराब माल गिऱ्हाईक मशीनिंगला लावल्यावर परत पाठवायचं.

उद्यमबागेत हुशार साहेबांची वानवा नाही. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणारे मात्र मोजकेच.

एक राहिलंय. फळ्यावरच्या सूचनेला आठवड्यात उत्तर आलं नाही की लोक लिहायचं सोडतात. ‘नाही’ चालेल, पण कारणासकट कळू दे. तुमच्या जागी येणाऱ्यांना हे तेवढं सांगून ठेवा.

आपले,
कोअर शॉप, मोल्डिंग आणि फेटलिंगमधले (कास्टिंग घासून साफ करणारे) सगळे
उद्यमबाग, बेळगाव