तुम्ही माझं मशीन स्वतःच्या कानाला लावलंत

मॅडम,

माझे कान तपासून तुम्ही मला ऐकण्याचं मशीन लावून दिलंत, पण तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही. परवा मी पेढे घेऊन आलो तर त्यातला एक उचलून बाकीचा बॉक्स बाहेर बसलेल्या पेशंटमध्ये फिरवायला लावलात, तेव्हाच कळलं. पण तोंडावर जे बोलता आलं नाही ते कुठेतरी लिहायलाच हवं. त्या दिवशी घसा दाटला आणि मी नुसतं "बरं, येतो" म्हणून जिना उतरलो. गाडीची किल्ली तुमच्याच टेबलावर राहिली होती, ती घ्यायला परत आलो, तेव्हाही काही बोललो नाही.

माझी जन्मकुंडली तुम्हाला ठाऊक आहे. नाशिकच्या सातपूरला प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या खात्यात, सव्वीस वर्षं. कंपनी इअरप्लग द्यायची, आम्ही ते गळ्यात अडकवून हिंडायचो, कारण प्लग घातला की शेजारच्याचं "हात काढ!" ऐकू येणार नाही अशी भीती. बोटं दहाच्या दहा शाबूत राहिली, कान गेले. तुम्ही माझ्या ऐकण्याचा ग्राफ बघितलात, चार हजार हर्ट्झच्या उंच सुरांपाशी रेघ खाली गेली होती तिथे पेन टेकवलंत आणि म्हणालात, "काका, हा खड्डा वयाचा दिसत नाही, हा प्रेसचा आहे." नाशिकमध्ये पावसाळ्यात खड्ड्यांचं कोणाला काय! पण माझ्या खड्ड्याचं कारण विचारणारं तुमच्याआधी कोणी भेटलं नव्हतं.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे मशीनसाठी गेलो त्या दोघांचं सांगतो, म्हणजे तुम्ही काय केलंत ते तुम्हालाही नीट कळेल. पहिल्याने पंधरा मिनिटांत मशीन गळ्यात मारलं. पैसे मोजून घ्यायला त्याला त्याहून जास्त वेळ लागला. दुसरीकडे काचेची दारं, एसी, कॉफीचं मशीन, सगळं होतं. तिथल्या साहेबांना मी म्हटलं, बोलणं ऐकू येतं, पण गाणं फाटतं. त्यांनी विचारलं, कसलं गाणं? मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "काका, या वयात कसलं रॉक? काकू काय म्हणतात ते येतंय ना ऐकू? मग झालं की." आणि हसले. मीही हसलो. स्वतःचं ते हसणं मला अजून टोचतं.

तुम्ही मात्र विचारलंत, "प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे हेवी मेटलच ना?" मी म्हटलं, रॉकमधला बडा ख्याल समजा. तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, "मग उद्या तुमचं गाणं घेऊन या."

कोणतं आणावं यावर रात्रभर झोप नाही. शेवटी येस या बँडचं १९७२ सालचं 'क्लोज टू द एज' पेनड्राइव्हवर घेतलं. अठरा मिनिटांच्या वरचं गाणं, एलपी रेकॉर्डची अख्खी एक बाजू. आयटीआयला असताना रूमवरच्या एका मित्राच्या भावाने नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून दिलं होतं. ते मी इतक्या वेळा ऐकलंय की टेप गुंतली, पेन्सिल घालून फिरवली, तरी सोडलं नाही. त्याच्या सुरुवातीला पाखरं आहेत आणि वाहतं पाणी. मग एकदम सगळी वाद्यं अंगावर येतात. मधे सगळं शांत होतं आणि चर्चमधला मोठा ऑर्गन लागतो. नव्या मशीनमध्ये पाखरं नव्हती, पाणी नव्हतं आणि ऑर्गन कापऱ्या आवाजात रडत होता.

तुम्ही केबिनचं दार लावलंत. आणि मग जे केलंत, त्यासाठीच हे पत्र आहे. माझ्या कानातलं मशीन काढलंत, पुसलंत, डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी एक नळी त्याला लावलीत आणि ती स्वतःच्या कानांत घातलीत. स्पीकरवर माझं गाणं सुरू. तुम्ही डोळे बारीक करून ऐकत होता. ऑर्गन आला तसं तुमचं तोंड आंबट चिंच खाल्ल्यासारखं झालं.

"ई! काका, हे असं ऐकत होतात तुम्ही?"

मॅडम, घरात माझ्यावर जीव टाकणारी माणसं आहेत. पण माझ्या कानात काय वाजतंय ते जाऊन बघणारं तोवर कोणी नव्हतं. बघता येतं हेच मला माहीत नव्हतं! मशीनमधून मला जे येतं ते दुसऱ्या माणसालाही ऐकता येतं, आणि त्यासाठी एक साधी नळी लागते. काचेच्या दारांच्या आत ती नळी नसेल असं मला वाटत नाही. कानाला लावायचं कोणाच्या मनात आलं नाही, इतकंच.

पुढचं तांत्रिक मला अर्धंच कळलं. ही मशीनं बोलण्यासाठी केलेली असतात; लांबलेला एकसारखा सूर आला की मशीनला ती स्वतःचीच शिट्टी वाटते आणि ते ती दाबायला धावतं. म्हणून ऑर्गन थरथरायचा. हळू आवाज उचलायचा, मोठा खाली दाबायचा, म्हणजे चढउतारावरून रोडरोलर. तुम्ही गाण्यासाठी वेगळी सेटिंग केलीत, एक एक गोष्ट बंद करत गेलात आणि दर वेळी गाणं पहिल्यापासून लावलंत. तीन वेळा. बाहेरून रिसेप्शनवरच्या ताईंनी दार वाजवलं तर म्हणालात, "संपू दे." शेवटी पुन्हा तीच पाखरं आणि तेच पाणी येतं. ते विरेपर्यंत तुम्ही कीबोर्डला हात लावला नाहीत. मला पाखरं आली. थोडी पत्र्याची वाटली, पण आली. गेलेलं सगळं परत येत नसतं हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत, तेही बरं केलंत.

आता हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते तुम्हाला घाईत सांगितलं होतं. नीट सांगतो.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात चॅपल हिल म्हणून गाव आहे. तिथल्या स्टोरीबुक फार्म नावाच्या शेतावर १९९५ पासून 'प्रोगडे' भरतो. जत्राच, पण छोटी. उघड्यावर स्टेज, समोर गवत, लोक घरून खुर्च्या आणि तंबू घेऊन येतात आणि दोन दिवस फक्त हेच संगीत ऐकतात. तिकडे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी कामगार दिनाची सुट्टी असते, तिला लागून येणारे शनिवार-रविवार. आमच्यासारख्या प्रेसशॉपवाल्याला याहून चांगला मुहूर्त कुठला!

माझे वडील दर पौषात त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी जायचे. महिनाभर आधीपासून त्यांचे पाय घरात ठरायचे नाहीत. उगाच अंगणात फेऱ्या मारायचे. मला तसं ऑगस्टमध्ये व्हायचं. आधी सायबर कॅफेत, मग मोबाइलवर, यंदा कोण वाजवणार ती यादी वाचायची आणि एकेका बँडची गाणी शोधत बसायचं. जायचा प्रश्नच नव्हता. नुसती वाट बघायची. त्या वाट बघण्यातही मजा होती, हे खोटं नाही.

मग मुलगी लग्न होऊन त्याच राज्यात रॅलेजवळ गेली. तिथून ते शेत गाडीने तासाभराच्या आत! देव असा हिशेब करतो. आणि नेमके तेव्हा कान गेलेले.

खरं तर आधीच जायला लागले होते. २०१६ च्या डिसेंबरात पुण्याला एनएच सेव्हन वीकेंडर या संगीत महोत्सवात याच संगीतातला स्टीव्हन विल्सन येऊन वाजवून गेला, तेव्हा मुलगीच मला घेऊन गेली होती. ड्रमरची काठी सिंबलवर पडताना मला दिसत होती, आवाज येत नव्हता. शेजारी ती डोळे मिटून उभी होती. मी तिला काही बोललो नाही, बरोबरीने मान हलवत राहिलो. त्यानंतर तिने चार वेळा बोलावलं. दर वेळी मी गुडघ्याचं कारण सांगितलं.

यंदा गुडघ्यांना काही झालेलं नाही. तिकिटं काढली आहेत. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी रोजची बातमी ऐकत मी बॅग भरतोय. तुम्ही सांगितल्याप्रमाणे बॅटऱ्यांची दोन पाकिटं जास्त घेतली आहेत. ओलावा शोषणारी ती डबी आणि घामासाठी मऊ फडकंही. स्पीकरच्या अगदी पुढे बसणार नाही, उरलेलं ऐकणं जपायचंय, शब्द दिलाय. सौ. म्हणते, एवढी तयारी माझ्या लग्नात केली नव्हती. तीही येते आहे. तिला त्या संगीतातलं काही आवडत नाही, पण नातवासाठी शेंगदाण्याची चटणी तिच्याच बॅगेत आहे.

तुमची फी दिली, पावती घेतली, व्यवहार पुरा झाला असं म्हणायला काही हरकत नाही. पण पावतीवर तीन वेळा ऐकलेल्या अठरा मिनिटांची ओळ नाही. त्या वेळात बाहेर पाच पेशंट झाले असते. तुमच्या जागी मी असतो तर मी पहिल्यांदाच घड्याळ बघितलं असतं, खरं सांगतो.

शनिवारी पहिला बँड सुरू झाला की बटण दाबून तुमची ती सेटिंग लावीन. तिकडचे बाराच्या सुमाराचे, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. तेव्हा तुमचा दवाखाना बंद असेल. फोन करणार नाही. परत आलो की येतो, आणि या वेळी पेढे दोन बॉक्स आणीन, एक बाहेर वाटायला.

तुमचा,
सातपूरचे काका

ता. क. – नव्या सेटिंगवर घरी पहिल्याच सकाळी मला ते गाण्यातलं पाणी ऐकू येऊ लागलं. म्हटलं, गाणं डोक्यात बसलंय. उठून बघितलं तर स्वयंपाकघरातला नळ गळत होता. सौ. गेले सहा महिने सांगत होती म्हणे. वॉशर बदलला.