काचेच्या तुकड्याखालची पाटी

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत नातवाला घेऊन एका सरकारी संग्रहालयात गेलो होतो. कपाटात हिरवट काचेचा एक तुकडा होता. खाली पाटी : ‘काचेचे भांडे (तुकडा), इ.स. 1 ले शतक’. नातू म्हणाला, “आजोबा, ही तर सोड्याची बाटली!” मी हसलो, पण पाटीने तरी त्याला दुसरं काय सांगितलं होतं?

माझं मागणं एवढंच : भांडं घडवलं कसं, हेही पाटीवर यावं.

फुंकणी, म्हणजे वितळलेल्या काचेत हवा फुंकून ती फुगवायची नळी, येण्याआधी, इ.स.पूर्व पंधराव्या शतकापासून, इजिप्तचे कारागीर काचेची शिशी आतून बाहेर घडवत. सळईच्या टोकाला माती आणि शेणाचा गोळा थापायचा, शिशीच्या पोकळीएवढा. त्यावर वितळलेली काच चढवायची. वर पिवळ्या-पांढऱ्या काचेच्या तारा गुंडाळायच्या आणि गरम आहेत तोवर टोकदार हत्याराने वरखाली ओढायच्या, की नागमोडी नक्षी उमटते. मग दगडावर लोळवून गुळगुळीत करायची आणि सावकाश निवू द्यायची. घाई केली की तडकलीच. शेवटी आतली माती खरवडून काढायची. म्हणून अशी शिशी आतून खडबडीत लागते आणि बहुधा वीतभरही उंच नसते. एवढा खटाटोप सुगंधी तेलाच्या चार थेंबांसाठी!

इ.स.पूर्व पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर फुंकणी आली आणि काच एकदम स्वस्त झाली. रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळतो, असं स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवलंय. फुंकलेल्या काचेतले बुडबुडे अनेकदा लांबट ओढलेले असतात. हिरवट झाक येते ती वाळूतल्या लोहामुळे. हे सगळं फुटक्या तुकड्यातच नीट दिसतं. अख्खं भांडं आपलं पोट कशाला दाखवेल?

आणि ही काही परक्यांचीच गोष्ट नाही. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी-मार्गदर्शक ग्रंथामध्ये भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत कच्ची काच आहे. पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, यांची नावं त्याच ग्रंथात थोडं पुढे सापडतात. भांडी नव्हे, कच्ची काच! म्हणजे ती वितळवून घडवणारे हात इकडे असणारच. नेवाशाच्या उत्खननात तर काचेच्या बांगड्याही निघाल्या. त्या बघायला येणाऱ्या बायकांच्या हातातही काचच असते, हे वेगळं सांगायला नको.

यासाठी समिती नेमू नका, साहेब. कपाटाला एक भिंग बांधा, पाटीवर चार ओळी वाढवा. त्या मी फुकट लिहून देतो, तपासायला तुमचे तज्ज्ञ आहेतच.

नातू उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा येणार आहे.

आपला,
एक निवृत्त शाळामास्तर